झरीत प्रवाळाचा भाव

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. ही माहिती मला आमचे प्रकल्पप्रमुख सामंत सर यांनी मुलाखतीच्या दिवशी दिली. देताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू समुद्र मीच घरी विसरून आले होते. मी म्हटलं, "नाही सर, पण ऐकून आहे." त्यावर मला नोकरी मिळाली.

पुढची बावीस वर्षं मी समुद्राची किंमत काढायचं काम केलं. आता निवृत्त होऊन परभणीत राहते. इथे नवीन माणसाशी ओळख झाली की तो विचारतो, "मॅडम कशात होत्या?" आणि मी सांगितलं की विचारतो, "मग किती निघाली?" मी सांगते, की भाव रोज बदलतो. कापसाच्या मुलखात हे उत्तर सगळ्यांना पटतं.

खरं तर धंदा सोपा आहे. किनाऱ्यावरचं कांदळवन आणि पाण्याखालची प्रवाळाची भिंत माणसांच्या खूप उपयोगी पडतात, पण फुकट पडतात. म्हणून तिथे कुणी धक्का बांधायला किंवा हॉटेल काढायला निघालं, की धक्क्याचा फायदा कागदावर येतो आणि प्रवाळाच्या नावापुढे भोपळा. तो भोपळा पुसून तिथे काहीतरी खरं लिहायचं, एवढंच आमचं काम. भिंतीच्या आडोशाला मासळीची पिल्लं वाढतात, त्यांचा हिशेब बाजारभावाने होतो. भिंत लाटेचा जोर मोडते, तेव्हा ती नसती तर दगडी बांध घालायला काय लागलं असतं, ते काढायचं. पाहायला येणारी माणसं किती लांबून आणि किती खर्च करून आली, ते विचारायचं. मासळीबाजारात विचारायला गेलं की बायका आधी मासळी घ्यायला लावत आणि मग तोंड उघडत. मी माळकरी घरातली. ती सगळी मासळी सामंत सरांच्या घरी जायची. माझं क्षेत्रकाम फार खोलवरचं असतं, असं सर सगळीकडे सांगत.

या धंद्यातला सगळ्यात चमत्कारिक प्रकार मात्र वेगळाच. जो माणूस ती मासळी खाणार नाही, तिथे पोहायला जाणार नाही, ती भिंत जन्मात बघणार नाही, त्याला तरी ती असावी असं वाटतं का, आणि वाटत असेल तर त्यासाठी तो काय देईल, हे विचारायचं. आम्ही त्याला नुसत्या असण्याची किंमत म्हणायचो. त्यासाठी समुद्रापासून लांबची माणसं लागतात.

माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना कोकणातल्या एका गावाजवळच्या प्रवाळाचं काम आमच्याकडे आलं. तिथे धक्का बांधायचा घाट होता, आणि सुनावणीच्या आधी अहवाल द्यायचा होता. लांबची माणसं म्हणून कुठला जिल्हा घ्यावा, यावर बैठक झाली. सर म्हणाले, "आपल्याकडे एक बाई आहेत, ज्या समुद्राबद्दल फक्त ऐकून आहेत." सगळे हसले आणि मी परभणीला निघाले. परभणीची माणसं सरसकट भोपळा देणार, असं सरांनी जाण्याआधीच सांगून ठेवलं होतं. ते मला झोंबलं, हे कबूल करते.

पद्धत अशी. प्रवाळाची चित्रं दाखवायची, तो कसा उपयोगी पडतो ते सांगायचं, आणि मग पिशवीतून एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर रक्कम. कुणाला वीस रुपये येतात, कुणाला पाचशे. प्रत्येक घराने वर्षातून एकदा एवढे दिले तर हा प्रवाळ राखता येईल, तुम्ही द्याल का? हो किंवा नाही, आणि त्याचं कारण. लहान रकमेला होकार जास्त यावेत आणि मोठ्या रकमेला कमी. तसं झालं नाही, तर समजावं की माणसं प्रश्नाला उत्तर देत नाहीत, विचारणाऱ्याला देतात.

सुरुवात झरीपासून केली, कारण ते माझं माहेर. माझे धाकटे चुलते तात्या तिथेच राहतात. एके काळी ते सरपंच होते आणि गावाने त्यांना ते विसरू दिलेलं नाही, किंवा त्यांनी गावाला. मी काय कामाला आले हे त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली.

"समुद्र इकायलेत का?"

मी म्हटलं, नाही, राखायचाय.

"मग बरं हाय. तू चहा घे. मी माणसं बोलावतो."

माणसं आली. दोन दिवसांत माझे चाळीस कागद भरले. इतकं सुरळीत काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. वीसला हो, पन्नासला हो, पाचशेलाही हो. ज्यांच्या घरी मी लहानपणापासून कधी कुणी पाव्हण्याला जेवायला थांबवलेलं पाहिलं नाही, त्या आमच्या भावकीतल्या किसनदादांनीही पाचशेच्या चिठ्ठीला मान डोलावली. कारण विचारलं, तर म्हणाले, "समुद्र देशाची शान हाय." मला भरून आलं. सरांना फोन करून मी म्हटलं, या एकदा झरीला.

तिसऱ्या दिवशी पिंगळीला गेले. स्टेशनवर गाडीची वाट बघणारी माणसं असतात, त्यांना वेळ असतो आणि पळून जाता येत नाही. तिथे मात्र काम अडखळत चाललं. कुणी वीसला हो म्हणे, पण शंभरला नाही. कुणी म्हणे, आधी आमच्या नदीचं बघा. एका गृहस्थांच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. प्रवाळ म्हणजे पोवळ्याच्या जातीचाच जीव, असं मी त्यांना मोठ्या हौसेने सांगितलं, आणि तिथेच चुकले. मुलीला मंगळ होता म्हणून त्यांनी ज्योतिष्याच्या सांगण्यावरून ती अंगठी घेतली होती. दोन वर्षं झाली, तरी स्थळ जमत नव्हतं.

"माझा पवळ्यावरला इस्वासच उडालाय," ते म्हणाले. "एक रुपाया न्हाई द्यायचो मी."

मी कारणाच्या रकान्यात 'मंगळ' असं लिहिलं. पुढे त्या एका शब्दासाठी सरांनी मला दोनदा फोन केला.

परतीच्या बसमध्ये दोन्ही गावांचे कागद मांडीवर घेऊन चाळत होते. पिंगळीचे कागद माणसांसारखे होते, कुणाचा मेळ कुणाला नाही. झरीचे चाळीस कागद चाचणी परीक्षेत एकाच बाकावर बसलेल्या पोरांसारखे होते. चाळीसच्या चाळीस होकार. त्यातल्या एकोणतीस ठिकाणी कारण एकच, तेही अक्षरशः तेच: समुद्र देशाची शान हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत झरीला गेले, पण तात्यांकडे गेले नाही. मागच्या गल्लीत रुक्मिणवहिनी राहतात. त्यांना खोटं बोलता येत नाही. येत नाही म्हणजे त्या प्रयत्न करतात, पण मधेच हसू येतं. त्यांना विचारलं, वहिनी, तुम्ही दोनशेला हो कसं म्हणालात?

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "तात्यांनी सांगितलं ना. गावच्या लेकीच्या कागदावर न्हाई लिवायचं न्हाई म्हणून."

"आणि ते देशाची शान?"

"ते बी त्यांनीच सांगितलं. काही जणांच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. कागद ठेवले असते, तर अहवाल भक्कम झाला असता, सरांचं तोंड बंद झालं असतं आणि कोकणातला तो प्रवाळ कदाचित वाचला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. मी रुक्मिणवहिनींच्या ओट्यावर बसून हा विचार पुष्कळ वेळ केला. मी फार सरळ बाई आहे असं कुणी समजू नये. पण धक्क्याच्या बाजूनेही कुणीतरी हुशार माणूस येणार होता. त्याने हे चाळीस कागद एकदा चाळले असते, तर बाकीचे खरे कागदही खोटे ठरले असते.

मी तात्यांना जाऊन सांगितलं, झरीचा एकही कागद चालणार नाही.

ते बाजेवर बसले होते. उठून उभे राहिले. "कामून?"

मी कारण सांगितलं. त्यांना ते कळलं, पण पटलं नाही.

"लोक न्हाई म्हणाले की तू लिहून घेतीस. आमी व्हय म्हणालो तर खोटं?" ते म्हणाले. "सगळ्या गावानं तुझी इज्जत ठिवली. अन तू गावाचे कागद रद्दीत घालायलीस."

काकू चहा घेऊन आली. तो तिने माझ्यापुढे ठेवला आणि तात्या आत निघून गेले. त्यानंतर सव्वा वर्ष ते माझ्याशी बोलले नाहीत. घरच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला शेजारी बसले, तरी मीठ हवं असलं की पलीकडच्या माणसाकडून मागून घ्यायचे.

झरीच्या बदल्यात दुसरं गाव हवं होतं, जिथे मला कुणी ओळखत नाही. म्हणून गंगाखेडच्या पुढे राणीसावरगावला गेले. तिथे बाजारपेठेत महालिंगआप्पांचं किराणा दुकान आहे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, समोर तराजू, आणि चेहरा असा, की याला कुणी शेंगदाण्यातले खडे विकू शकणार नाही. त्यांनी मला स्टूल दिलं आणि माझीच तपासणी सुरू केली. पैसे कुणाकडे जमा होणार? पावती मिळणार का? मला पगार कोण देतं? मी सरकारची का धक्क्यावाल्याची? गिऱ्हाईक आलं की ते साखर तोलून द्यायचे आणि पुन्हा तिथूनच प्रश्न पुढे चालू करायचे.

मग त्यांनी प्रवाळाबद्दल विचारलं. मी सांगितलं, ते लहान लहान जीव असतात, एकाला एक लागून राहतात. मागचे मरतात, त्यांच्या हाडांवर पुढचे घर करतात. वर्षाला बोटाच्या पेरभरही वाढत नाहीत कधी कधी.

"म्हंजे गावच हाय की ते," आप्पा म्हणाले. "अन उठवायलेत."

मी पिशवी पुढे केली. शंभराची चिठ्ठी निघाली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि परत पिशवीत टाकली.

"न्हाई देणार. जो तोडायलाय त्याच्याकडून घ्या. मी कामून भरू?"

याला आमच्या धंद्यात रागाचं शून्य म्हणतात. शून्य दोन प्रकारचं. एक, ज्याला खरंच काही पडलेलं नाही त्याचं. दुसरं, ज्याला इतकं पडलेलं आहे की तो प्रश्नावरच चिडतो. दुसरं शून्य मोजणीतून काढून टाकायचं, असा नियम आहे. मी कागदावर तशी खूण केली आणि उठायला लागले, तर आप्पांनी हाताने बसवलं. पुढचं ते तराजूकडे बघत बोलले.

त्यांचं मूळ गाव धरणात गेलं. तिथे त्यांच्या वडिलांचं दुकान होतं आणि दुकानापुढे मोठं कडुलिंबाचं झाड. मावेजा, म्हणजे नुकसानभरपाई, ठरवायला साहेब आले, तेव्हा त्यांनी सगळं मोजलं. भिंती मोजल्या, विहीर मोजली, लिंबाच्या खोडाला टेप लावून लाकूड किती निघेल तेही मोजलं. मावेजा वेळेवर मिळाला, त्याबद्दल आप्पांची तक्रार नव्हती. मग राणीसावरगावला पत्र्याचं दुकान टाकलं. माल तोच, तराजू तोच, वडीलही तेच. पण दुपारचं गिऱ्हाईक येईना. दोन वर्षं वडिलांना कळलंच नाही, काय चुकतंय ते.

"गिऱ्हाईक सावलीला येत हुतं," आप्पा म्हणाले. "सावलीला आलं की तंबाखू घ्यायचं, गूळ घ्यायचं. साहेबांनी लाकडाचा मावेजा दिला. सावलीचा रकानाच नव्हता त्यांच्या कागदात." मग माझ्या कागदाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "तुमच्यात हाय का?"

एकवीस वर्षं हा धंदा मी लोकांना समजावत आले होते. परिषदांमध्ये तक्ते लावून समजावला. तो इतका सरळ मला कधीच सांगता आला नव्हता. आणि नियमाप्रमाणे हा कागदही बाद होता. झरीच्या चाळीस होकारांच्या गठ्ठ्यालाच तो बांधायचा होता.

अहवाल लिहिताना मी आप्पांचं बोलणं आत घातलं. सरांनी ते खोडलं आणि समासात लिहिलं, "निबंध नको, आकडे द्या." मी मुकाट्याने तिथून काढलं आणि परिशिष्टात टाकलं. सर परिशिष्ट वाचत नाहीत, हे मला अनुभवाने माहीत होतं. परभणीचा एकंदर आकडा तसा बरा आला होता, भोपळा नक्कीच नव्हता. तेवढ्यावर मी सरांकडे एकदा बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

सुनावणी त्या किनाऱ्यावरच्या शाळेत झाली. सर अर्धा तास आकडे वाचत होते. पुढच्या ओळीतल्या कोळणी आपापसात बोलायला लागल्या होत्या. अध्यक्षस्थानी एक वयस्क अधिकारी होते. ते अहवाल मागून पुढे चाळत होते. काही माणसं वर्तमानपत्र तसंच वाचतात. ते एका पानावर थांबले, आणि सरांना थांबवून त्यांनी ते पान मोठ्याने वाचलं. लिंबाचं झाड, पत्र्याचं दुकान, दुपारचं गिऱ्हाईक, सगळं. सर माझ्याकडे बघत राहिले. मी फळ्यावरचा सुविचार वाचत होते.

मग अधिकाऱ्यांनी समोरच्या लोकांना विचारलं, तुमचं असं काही राहिलंय का, ज्याचा रकाना या अहवालात नाही? मग मागून एक म्हातारे मच्छीमार उठले. त्यांनी सांगितलं, की पावसाळ्याच्या तोंडावर अचानक वादळ उठलं आणि बंदर गाठायला वेळ नसला, की ते होड्या त्या भिंतीच्या आत आणून नांगरतात. तिथे पाणी निवांत असतं. त्यांचा मोठा भाऊ आणि ते असे दोनदा वाचले होते. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा जण उठले आणि तेच सांगू लागले.

आम्ही त्या गावात चार महिने राहिलो होतो. मासळी मोजली, लाटा मोजल्या, पर्यटक मोजले. ही गोष्ट आमच्या अहवालात कुठेच नव्हती, कारण आम्ही विचारलीच नव्हती. मान खाली घालून मी ती लिहून घेतली. आजही कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं, की मला ते म्हातारे आठवतात आणि मी विषय बदलते.

धक्का शेवटी तिथून हलला, खाडीच्या पलीकडे गेला. आमच्या अहवालामुळे हलला, त्या मच्छीमारांमुळे हलला, की पलीकडे कुणाची जमीन स्वस्तात मिळाली म्हणून हलला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. सर भाषणांत पहिलं कारण सांगतात. मी त्यांना अडवत नाही.

तात्यांचा अबोला सुटला तो डोळ्यामुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना परभणीला आणलं आणि ते माझ्याकडे उतरले. दोन दिवस काकूच्या मार्फत बोलले. तिसऱ्या दिवशी काकू भाजी आणायला गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते गॅलरीत बसले होते. मी ऑपरेशनचे थेंब घालायला गेले, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं,

"त्या पवळ्याचं काय झालं मग?"

मी म्हटलं, वाचलं. सध्या तरी.

"आमचे कागद फेकून बी?"

"हो."

त्यांनी दुसरा डोळाही मिटून घेतला. मला वाटलं, आता पुन्हा सव्वा वर्ष गेलं. थोड्या वेळाने म्हणाले, "चाळीस लोकांस्नी दोन दिवस चहा पाजला, त्याचं काय न्हाई. लोकांस्नी मी पढवलं, ते बी कबूल. पण त्यात एक कागद खरा हुता."

"कुणाचा?"

"माझाच. मला कुणी पढवलं हुतं?"

मी थेंबांची बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. खोट्याच्या गठ्ठ्यात एखादा खरा कागद असेल, तर तो ओळखायची कसलीही रीत आमच्या धंद्यात नाही. मी कधी शोधायचा प्रयत्नही केला नव्हता. मी विचारलं, तात्या, तुम्ही तर समुद्र कधी बघितलेला नाही, आणि बघायला जायचं म्हटलं तर गाडी लागते तुम्हाला. मग हो कशाला म्हणालात?

ते जरा वैतागले. इतकी शिकलेली बाई, आणि काय विचारते, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"बघायचं न्हाई, खायचं न्हाई," ते म्हणाले. "तिथं हाय ना? मग असू द्यावं."

मी आत जाऊन वही आणली आणि ते लिहून घेतलं. आता लिहून काय उपेग, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. मग म्हणाले, "लिहायलीसच तर नीट लिही. वर नाव टाक." मी वर नाव टाकलं, आणि दुसऱ्या डोळ्यात चुकून थेंब घातले.